वाचकांचे प्रश्न: फुसफुस ऐकू येते, पण थांबवायची कुणी?

लहान कारखान्यांतली पर्यावरणाची जाणीव आणि तिथली प्रत्यक्ष कामगिरी यांबद्दल आलेल्या पत्रांपैकी सात पत्रं या वेळी निवडली आहेत. पत्रं थोडी आवरती घेतली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे आकड्यांशिवाय सांगणं म्हणजे वाऱ्यावरची वरात झाली असती.

प्रश्न: आमचा पत्र्याचे भाग बनवायचा कारखाना आहे, 24 माणसं. वर्षभरात तीन प्रशिक्षणं घेतली, भिंतीवर फलक लावले, पर्यावरण दिन पाळला. आता कुणालाही विचारा, सगळे छान बोलतात. पण वीज तेवढीच जळते आणि भंगारही तेवढंच निघतं. जाणीव वाढली की कामगिरी सुधारते म्हणतात. मग आमचं कुठे चुकतं?

उत्तर: तुमच्या प्रशिक्षणांतून माणसांना जगाची जाणीव झाली. कामगिरी सुधारते ती स्वतःच्या मशीनच्या जाणिवेने, आणि ती वेगळी शिकवावी लागते.

मानसशास्त्रज्ञ आइसेक आयझेन यांनी 1991 मध्ये नियोजित वर्तनाचा सिद्धांत सविस्तर मांडला. त्यात माणसाच्या कृतीमागे तीन गोष्टी धरल्या आहेत: त्याचं स्वतःचं मत, आजूबाजूचे लोक काय अपेक्षा करतात, आणि ही गोष्ट आपल्या हातात आहे असं त्याला वाटतं का. फलक आणि भाषणं पहिल्या गोष्टीपुरती काम करतात. उरलेल्या दोन्ही गोष्टी कारखान्याच्या रोजच्या व्यवस्थेतून येतात, आणि लहान कारखान्यात ती व्यवस्था मालक व सुपरवायझर यांच्या वागण्यातच असते.

तुमच्याकडे प्रेस असतील, म्हणजे दाबाची हवा असणारच. तिचंच उदाहरण घेऊ. प्रेसच्या मागे होजचं कपलिंग फुसफुसतंय. ऑपरेटर दिवसभर तो आवाज ऐकतो. पर्यावरणाबद्दल त्याला कळकळही आहे. पण त्या भोकातून किती जातंय हे त्याला ठाऊक नाही. दुरुस्तीसाठी मशीन थांबवलं तर उत्पादन कमी भरल्याबद्दल बोलणी कोण खाणार, हे मात्र पक्कं ठाऊक आहे. वॉशर स्टोअरमध्ये नाही, आणि मागितला तर चिठ्ठीवर सही लागते. अशा ठिकाणी चौथं प्रशिक्षण घेऊनही ते कपलिंग फुसफुसतच राहील.

त्याला एकच आकडा सांगा. 7 बार दाबाला (1 बार म्हणजे साधारण वातावरणाएवढा दाब) 3 मिलिमीटरच्या भोकातून सेकंदाला सुमारे 10 लिटर हवा जाते, आणि ती भरून काढायला कॉम्प्रेसर साधारण साडेतीन किलोवॅट ओढतो. वर्षाला 4,000 तास काम चालत असेल तर एका भोकापायी 14,000 युनिट. देखभालीकडे दुर्लक्ष झालेल्या कारखान्यांत तयार हवेपैकी 20 ते 30 टक्के अशी गळून जाते. हे कळल्यावर त्याच फुसफुशीचा अर्थ बदलतो.

मग तुमची स्वतःची गळती मोजा. एखाद्या सुट्टीच्या दिवशी किंवा पाळी संपल्यावर हवेवरची सगळी साधनं बंद करा, पण मशीनपर्यंतचे कॉक उघडेच ठेवा. कॉम्प्रेसर चालू करून लाइन पूर्ण दाबावर येऊ द्या. त्यानंतर हवा कुणीच वापरत नाही, तरी कॉम्प्रेसर अधूनमधून लोडवर येईल, म्हणजे हवा भरू लागेल, आणि दाब पुरा झाला की अनलोड होईल, म्हणजे हवा न भरता नुसता फिरेल. किती सेकंद लोडवर राहतो आणि किती सेकंद अनलोड राहतो, हे दहा फेऱ्यांसाठी लिहून सरासरी काढा. लोडचा वेळ भागिले दोन्हींची बेरीज, गुणिले 100, एवढीच टक्केवारी. 90 सेकंद लोड आणि 210 सेकंद अनलोड असेल तर 90 भागिले 300, म्हणजे क्षमतेच्या 30 टक्के हवा गळते. कॉम्प्रेसर मिनिटाला 5 घनमीटरचा असेल तर दीड घनमीटर वाऱ्यावर गेली. नीट राखलेल्या लाइनमध्ये हा आकडा 10 टक्क्यांच्या आत यायला हवा.

वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या कॉम्प्रेसरवर ही पद्धत चालत नाही, कारण तो लोड-अनलोड न करता वेगच कमी करतो. तिथे कॉम्प्रेसर बंद करून टाकीतला दाब निम्म्यावर यायला किती मिनिटं लागतात ते पाहा. टाकी आणि पाइप यांचं मिळून घनमीटरमधलं आकारमान गुणिले बारमधली दाबाची घट, भागिले मिनिटं. आलेल्या उत्तराला 1.25 ने गुणा, कारण दाब उतरत असताना गळतीही मंदावते. ही झाली मिनिटाला गळणारी हवा.

जागा शोधायला साबणाचं पाणी आणि ब्रश पुरतो. आधी झटपट कपलिंग, फिल्टर-रेग्युलेटरची वाटी, सिलिंडरच्या रॉडचं सील आणि टाकीखालचा पाणी काढायचा कॉक पाहा. हा कॉक बऱ्याच ठिकाणी मुद्दाम किलकिला ठेवलेला असतो, कारण रोज पाणी सोडायचं कुणाला आठवत नाही. दुसरी नेहमीची जागा पीयू ट्यूबची, म्हणजे हवेच्या लवचिक प्लास्टिक नळीची. ती पकडीने किंवा हेक्सॉने कापली की टोक तिरपं आणि दबलेलं राहतं, ते पुश फिटिंगच्या आतल्या ओ-रिंगवर (रबरी कड्यावर) सगळीकडून बसत नाही, आणि नवी फिटिंगही पहिल्या दिवसापासून गळते. ट्यूब कटर प्रत्येक सेक्शनला एक हवाच.

इथे एक गोष्ट उलटी घडताना दिसते. गळतीमुळे शेवटच्या मशीनला दाब कमी पडतो, म्हणून कुणीतरी कॉम्प्रेसरचा दाब 7 वरून 8 करतो. दाब वाढला की प्रत्येक भोकातून आणखी हवा जाते आणि शिवाय एका बारमागे कॉम्प्रेसरची वीज 6 ते 7 टक्क्यांनी वाढते. म्हणून आधी गळती बंद करायची, मग दाब थोडा थोडा, एका वेळी 0.2 बारने, खाली आणायचा आणि प्रत्येक पायरीवर दोन दिवस मशीन कशी चालतात ते पाहायचं.

आता हे ‘आपल्या हातातलं’ करायचं कसं? गळती दिसेल तिथे लाल पट्टी बांधायचा अधिकार हेल्परपासून सगळ्यांना द्या. आठवड्यातला ठरलेला अर्धा तास फक्त गळत्या दुरुस्त करून लाल पट्ट्या उतरवण्यासाठी ठेवा, आणि तो उत्पादनाच्या टार्गेटमधून आधीच वजा करा. हे शेवटचं सर्वांत महत्त्वाचं आहे. टार्गेटमधून वजा केला नाही तर तो अर्धा तास कागदावरच राहतो. कटर, ओ-रिंग, फिटिंग, टेफ्लॉन टेप यांची पेटी सहीशिवाय उघडेल अशी ठेवा. चाचणीचा टक्केवारीचा आकडा महिन्यातून एकदा फळ्यावर लिहा. 30 चा 22 झालेला दिसला की पुढच्या पट्ट्या माणसं आपणहून बांधतात. आयझेन यांच्या तिन्ही गोष्टी मग एकाच कपलिंगपाशी जमतात.

प्रश्न: मी आमच्या फाउंड्रीचा (धातू ओतायच्या कारखान्याचा) हिशेब पाहते. दर महिन्याला टनामागे किती वीज लागली ते फळ्यावर लिहायला मीच सुरुवात केली. गेल्या महिन्यात सगळ्यांनी मनापासून काळजी घेतली, तरी आकडा वाढला. माणसं हिरमुसली आहेत. आकडा लिहिणं बंद करावं का?

उत्तर: बंद करू नका, आकडा बदला. गेल्या महिन्यात उत्पादन कमी झालं होतं का, ते आधी पाहा. आमचा अंदाज ‘हो’ असाच आहे.

कारखान्याची वीज दोन वाटांनी जाते. एक वाट मालाबरोबर चालते: वितळवणं, मशीनिंग. दुसरी माल असो-नसो चालूच राहते: दिवे, पंखे, कॉम्प्रेसरचं अनलोड चालणं, गरम ठेवलेली भट्टी, रिकामे फिरणारे कन्व्हेयर. समजा एका महिन्यात 20 टन माल आणि 14,000 युनिट, दुसऱ्या महिन्यात 10 टन आणि 10,000 युनिट. टनामागे पाहिलं तर 700 वरून 1,000, म्हणजे सपशेल घसरगुंडी. पण दोन महिन्यांची वजाबाकी करा. 10 टनांचा फरक, 4,000 युनिटचा फरक, म्हणजे टनाला 400 युनिट. 20 टनांचे 8,000 झाले, उरलेले 6,000 युनिट दर महिन्याला ठरलेलेच. दुसऱ्या महिन्यालाही हेच लावा: 4,000 अधिक 6,000. दोन्ही महिने अगदी सारखे होते, कुणाचंही काही चुकलं नव्हतं.

दोन महिन्यांवर विसंबू नका. गेल्या बारा महिन्यांचे ठिपके आलेख कागदावर मांडा, आडवं उत्पादन आणि उभी वीज, आणि मधून पट्टीने रेघ ओढा. रेघ उभ्या अक्षाला जिथे लागते तो ठरलेला खर्च. पुढच्या प्रत्येक महिन्याचा ठिपका त्या रेघेच्या खाली पडला तर माणसांनी कमावलं, वर पडला तर शोधायला सुरुवात करायची. फळ्यावर लिहायचा आकडा तो: रेघेपेक्षा किती युनिट कमी किंवा जास्त. मीटरच्या नोंदीची तारीख आणि उत्पादनाच्या नोंदीची तारीख एकच ठेवा. वीज 1 तारखेला आणि माल 5 तारखेला मोजला तर ठिपके विस्कटतात आणि रेघेला अर्थ राहत नाही.

ठरलेल्या 6,000 युनिटकडे मात्र डोळे उघडून पाहा. पहिली बचत बहुधा तिथेच सापडते. जेवणाच्या सुट्टीत मुख्य मीटरसमोर उभं राहून एकेक गोष्ट बंद करत गेलं की अर्ध्या तासात निम्मी उत्तरं मिळतात.

पाणी, इंधन, भंगार यांनाही हाच हिशेब लागतो. डिझेल वापरत असाल तर कार्बनचा आकडा लगेच निघतो: एक लिटर जळलं की सुमारे 2.68 किलो कार्बन डायऑक्साइड.

प्रश्न: निकेल प्लेटिंगच्या लाइनवर धुण्याच्या टाकीचा नळ कितीही सांगितलं तरी आमची माणसं पूर्ण सोडून ठेवतात. पाणी वाचवा म्हणून पाट्या लावल्या आहेत. काय करावं?

उत्तर: तुमची माणसं बेफिकीर नाहीत. मालावर डाग आला तर जॉब परत येतो आणि शब्द त्यांना लागतो. नळ पूर्ण सोडणं हा त्यांच्या दृष्टीने दर्जाचा विमा आहे. पाणी वाचवूनही डाग येणार नाही, याची व्यवस्था तुम्ही दिलीत तर नळ आपोआप बारीक होईल.

मूळ गोष्ट जिगबरोबर, म्हणजे माल टांगायच्या चौकटीबरोबर, बाहेर येणारं द्रावण. धुण्याचं पाणी किती लागणार हे त्यावर ठरतं. समजा तासाला 1 लिटर द्रावण मालाला चिकटून बाहेर येतं आणि ते हजारपट पातळ झालं की डाग पडत नाही. एकाच टाकीत धुवायचं तर तासाला 1,000 लिटर पाणी. दोन टाक्या उलट्या प्रवाहाने जोडल्या तर हजाराचं वर्गमूळ, म्हणजे 32 लिटर. तीन टाक्या असतील तर घनमूळ, म्हणजे फक्त 10 लिटर. गणित आदर्श आहे, प्रत्यक्षात थोडं जास्त सोडावं लागतं, पण फरक कुठल्या कुठे जातो हे पाहा. माल पहिल्या टाकीतून दुसऱ्या-तिसऱ्या टाकीकडे जातो, ताजं पाणी शेवटच्या टाकीत पडून पहिल्या टाकीकडे येतं आणि तिथून बाहेर.

हे जोडताना ठरलेल्या चुका होतात. ताजं पाणी वरून सोडतात आणि त्याच बाजूच्या वरच्या तोंडातून काढतात. मग पाणी वरच्या वर निघून जातं, खालचं तसंच गढूळ. पाणी तळाशी सोडा आणि समोरच्या बाजूने वरून काढा. ढवळायला हवा लागतेच, पण ती ब्लोअरची घ्या. कॉम्प्रेसरच्या हवेबरोबर तेलाचे कण येतात आणि प्लेटिंग सोलतं. जागा नसेल तर आहे ती मोठी टाकी मध्ये भिंत घालून दोन करा. जिग बुडेल एवढी जागा पुरे.

त्याआधीही एक बिनखर्चाचं काम आहे. जिग द्रावणातून सावकाश वर काढायची आणि टाकीवरच 10 सेकंद धरायची. झटक्याने काढली की जाड थर चिकटून येतो, हळू काढली तर बराचसा परत उतरतो. हातात जिग धरून 10 सेकंद उभं राहणं अवघड जातं, म्हणून टाकीवर आडवा दांडा बसवा आणि जिग त्यावर टांगा. वाटीसारखे भाग तोंड खाली करून लावा. द्रावणाची टाकी आणि धुण्याची टाकी यांच्या मधल्या फटीवर द्रावणाच्या टाकीकडे उतार असलेली पट्टी टाका, म्हणजे थेंब जमिनीवर जाणार नाहीत. मात्र गरम द्रावणातून काढलेला माल जास्त वेळ टांगला तर वाळून डाग पडतो, तेव्हा 10 चे 40 सेकंद करू नका.

नळावर प्रवाह मर्यादित करणारी चकती बसवा किंवा पाण्याची विद्युतवाहकता (पाण्यात द्रावण मिसळत गेलं की ती वाढते) मोजून झडप उघडणारा कंट्रोलर लावा. चकती स्वस्त आणि बिघडत नाही, पण काम मंद असतानाही पाणी वाहतंच. कंट्रोलर हुशार आहे, पण त्याचा प्रोब दर आठवड्याला पुसावा लागतो. पुसला नाही तर थर बसून तो पाणी कमी गढूळ दाखवतो, झडप बंद राहते, डाग पडतात, आणि माणसं कंट्रोलरला बगल देऊन जुना नळ पुन्हा सोडतात. तुमच्या लाइनसाठी आम्ही आधी चकतीच सुचवू.

पहिल्या धुण्याच्या टाकीतलं निकेल असलेलं पाणी मूळ टाकीत बाष्पीभवनाची भर म्हणून परत घालता येतं. पण निकेलबरोबर लोखंड आणि जुन्या ब्राइटनरचा (चकाकी आणणाऱ्या रसायनाचा) गाळही परततो. महिन्याकाठी द्रावणाची तपासणी आणि गाळणी वाढवायची तयारी असेल तरच हे करा. सांडपाणी शुद्ध करणाऱ्यालाही आधी कल्पना द्या, कारण पाणी कमी पण दाट येऊ लागलं की त्याच्या रसायनांचं प्रमाण बदलावं लागतं.

प्रश्न: सुट्टीनंतर लेथ सुरू केलं की कूलंटला (कापताना सोडायच्या तेल-पाण्याच्या मिश्रणाला) सडक्या अंड्यासारखा वास येतो. जंतुनाशक घातलं की आठवडाभर बरं, मग पुन्हा तेच. शेवटी ओतून देतो. यात पर्यावरणाचं काही बिघडतं का?

उत्तर: ओतून देता तिथेच बिघडतं. गटाराआधीचा तेलाचा सापळा तरंगणारं तेल धरतो. कूलंटमध्ये तेल पाण्यात मिसळून पांढरं झालेलं असतं, ते सापळ्यातून सरळ पुढे जातं. वापरलेलं कूलंट वेगळ्या बॅरलमध्ये साठवून घातक कचऱ्याची परवानगी असलेल्यांकडेच द्यावं लागतं. म्हणजे ते जितकं टिकेल तितकं बरं.

वासाचं कारण असं: स्लाइडवेचं (मशीनच्या सरकत्या मार्गांचं) आणि हायड्रॉलिकचं तेल कूलंटवर तवंग धरतं. मशीन थांबलं की तवंगाखाली हवा पोचत नाही आणि हवेशिवाय जगणारे जीवाणू वाढून सडक्या अंड्याच्या वासाचा वायू सोडतात. म्हणून सुट्टीआधी तवंग काढा, आणि सुट्टीत एक छोटा हवेचा पंप टाकीत बुडबुडे सोडत ठेवा.

दुसरं, पाण्यातल्या तेलाचं प्रमाण. रिफ्रॅक्टोमीटरने (थेंबातून प्रकाश किती वळतो यावरून दाटपणा दाखवणाऱ्या उपकरणाने) दर दोन दिवसांनी पाहा. त्यावरचा आकडा थेट टक्के नसतो, तो पुरवठादाराने दिलेल्या गुणकाने गुणावा लागतो. आकडा 4 आणि गुणक 1.5 असेल तर प्रमाण 6 टक्के. सर्वसाधारण मशीनिंगला 5 ते 8 टक्के ठेवतात. उष्णतेने फक्त पाणी उडतं, म्हणून भर घालताना पूर्ण दाट न घालता 1 ते 2 टक्क्यांचं पातळ मिश्रण घाला. मिसळताना पाण्यात तेल ओता, तेलात पाणी कधीच नाही, नाहीतर गोळे होतात. पीएच 9 च्या आसपास असावा. 8.5 च्या खाली घसरू लागला की वास यायच्या आधीच इशारा मिळाला.

जंतुनाशक पुन्हा पुन्हा घालू नका, हातांना पुरळ उठतं. आणि बदलायचंच असेल तर आधी सिस्टिम क्लीनर फिरवून टाकी, पाइप, चुऱ्याखालचा गाळ स्वच्छ करा. जुन्याचे काही लिटर तळाशी राहिले तर नव्याला विरजण लागलंच म्हणून समजा.

प्रश्न: मी ऑपरेटर आहे. पत्र्यातून भाग कापताना मांडणी बदलली तर भंगार कमी होईल असं सुचवलं. साहेब म्हणाले, भंगार विकलं जातं, वाया काही जात नाही, आणि पर्यावरण म्हणजे खर्च. त्यांना कसं पटवावं?

उत्तर: पर्यावरणाचा शब्द बाजूला ठेवा आणि भंगाराची खरी किंमत मांडा. यासाठी आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं 14051 हे 2011 चं मानकच आहे, त्यात कचऱ्यालाही मालासारखाच खर्च लावतात.

समजा 100 किलो पत्रा आत गेला आणि 72 किलोचे भाग झाले. उरलेले 28 किलो खरेदीच्या भावाने आत आले होते. ते वाहतुकीने आणले, क्रेनने उचलले, शिअरवर कापले, प्रेसखाली दाबले, तेवढी वीज आणि तुमची पाळी त्यांच्यावर खर्च झाली. 100 किलोवर झालेल्या खर्चाचे 28 टक्के त्यांच्या नावावर लिहा आणि त्यातून भंगाराचे मिळालेले पैसे वजा करा. उरतो तो तोटा. साहेब जो आकडा पाहतात तो फक्त शेवटचा, भंगार विकून आलेला. म्हणून त्यांना ती कमाई वाटते.

सगळ्या कारखान्याचं करू नका. एकच भाग घ्या, जास्त संख्येने चालणारा. आताच्या मांडणीत एका पत्र्यातून किती नग, तुमच्या मांडणीत किती, हे पुठ्ठ्याचे साचे कापून पत्र्यावर ठेवून दाखवा. रोलिंगची दिशा (पत्रा लाटला गेला ती दिशा) बदलत नाही ना, ते आधी तपासा. वाकवायचा भाग आडवा फिरवला आणि वाकणाची रेघ रोलिंगच्या दिशेला समांतर आली, तर भाग वाकणावर तडकतो. तसं झालं तर तुमची चांगली सूचना कायमची बाद होईल.

हे पत्र साहेबांच्या हाती पडलं तर त्यांना एक विनंती. भंगार कमी केल्याबद्दल बक्षीस ठेवणार असाल तर ते माणसाच्या नावावर ठेवू नका, सेक्शनच्या नावावर ठेवा आणि मोजणी स्टोअरकडे द्या. नाहीतर बिघडलेला नग चांगल्यांत मिसळला जातो किंवा दुसऱ्याच्या डब्यात जातो. आकडा सुधारतो, माल नाही.

प्रश्न: छतावर सौर पॅनेल आधी बसवावेत की बचत आधी करावी?

उत्तर: बचत आधी. गळणारी हवा आणि रिकामी फिरणारी मोटर भागवण्याएवढे पॅनेल घ्यायचे आणि नंतर ती गळती थांबवायची, म्हणजे गरजेपेक्षा मोठा संच गळ्यात पडतो. पंखे आणि पंप आधी पाहा: वेग 20 टक्क्यांनी कमी केला की वीज जवळजवळ निम्मी होते, कारण ती वेगाच्या घनात बदलते. 0.8 चा घन 0.51 येतो. पंप फक्त पाणी वर चढवत असेल, उंचीच जास्त असेल, तर एवढा फायदा मिळत नाही.

प्रश्न: मोठ्या ग्राहकाने आयएसओ 14001 मागितलं आहे. प्रमाणपत्र मिळालं की आमची पर्यावरणाची कामगिरी सिद्ध होते का? आणि खोक्यावर ‘पर्यावरणस्नेही’ छापता येईल का?

उत्तर: दोन्हींचं उत्तर ‘नाही’, पण प्रमाणपत्र निरुपयोगी नाही. पर्यावरण व्यवस्थापनाचं हे मानक 1996 मध्ये आलं, 2004 आणि 2015 मध्ये बदललं. त्यात अमुक इतकं पाणी, तमुक इतका धूर अशी मर्यादा कुठेच नाही. कायद्याचं पालन, आपल्या कामाचे परिणाम ओळखणं, उद्दिष्टं ठरवणं, मोजणं आणि सुधारत राहणं, एवढं ते मागतं. दोन कारखान्यांकडे एकच प्रमाणपत्र आणि त्यांच्या पाण्याच्या वापरात दहापट फरक, असं असू शकतं.

20-30 माणसांच्या कारखान्यात ते चालतं की कपाटात जातं, हे पहिल्या यादीवर ठरतं. सल्लागाराने आणलेली दीडशे ओळींची तयार यादी स्वीकारू नका. सुपरवायझर आणि दोन जुने ऑपरेटर घेऊन कच्च्या मालाच्या दारापासून डिस्पॅचपर्यंत चाला. प्रत्येक मशीनपाशी चारच प्रश्न: आत काय येतं, मालाशिवाय बाहेर काय जातं, कुठे जातं, आणि बिघडलं तर काय सांडतं. चौथा प्रश्न हमखास राहून जातो, आणि अॅसिडचा कॅन फुटला की आठवतो. आलेल्यांतून पाच ठळक गोष्टी निवडा आणि प्रत्येकीपुढे एक माणूस, एक आकडा, एक तारीख लिहा. तपासनीस ऑपरेटरलाच विचारतो, तुझ्या कामाने पर्यावरणावर काय परिणाम होतो. ज्याने यादी स्वतः चालून केली आहे, त्याला उत्तर पाठ करावं लागत नाही.

खोक्याबद्दल: स्वतःच केलेल्या दाव्यांसाठी आयएसओ 14021 आहे आणि ते ‘हरित’, ‘पर्यावरणस्नेही’ असे मोघम शब्द वापरायला मनाई करतं. ‘पुनर्वापरातल्या कागदाचं प्रमाण 80 टक्के’ असं लिहिता येतं, पण ते 80 टक्के खोक्याचं आहे की आतल्या मालाचं, हे त्याच ओळीत स्पष्ट हवं, आणि कागद पुरवणाऱ्याचा लेखी पुरावा तुमच्या फाइलीत हवा. ‘पुनर्प्रक्रिया करता येते’ छापण्याआधी, ते खोकं तुमचा माल जिथे विकला जातो तिथल्या बहुतेक ग्राहकांकडून खरोखर गोळा केलं जातं का, ते आधी विचारून घ्या.